आतल्या बाजूचं अस्तर

पौडच्या बाजारात दोर घेणारा माणूस दोन्ही हातांनी दोर ताणून बघतो, पीळ बघतो आणि घासाघीस करतो. आमचे घरमालक दोर मनगटावर घासून बघायचे. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं आम्ही नर्सा नाडी बघतो नेमकं तिथं, आणि तेही डोळे मिटून. दोरवाला खवचट होता. "पावनं, बैल बांधायचाय का बाळाला अंगडं शिवायचंय?" असं विचारायचा आणि आजूबाजूची माणसं हसायची. घरमालक उत्तर देत नसत. दोर टोचला तर तो जागेवर ठेवून पुढच्या दुकानी जायचे, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानंच परत यायचे.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी माझी मुळशीत बदली झाली. पौडच्या पुढं, रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या गावात एक छोटा दवाखाना होता आणि मी तिथली नर्स. गावात मला घर द्यायला कुणी तयार नव्हतं. एकटी बाई, त्यात पगार घेणारी, त्यात सायकलवर बसणारी! ज्यांनी दिलं ते हे घरमालक. त्यांनीही काही मोठेपणा म्हणून दिलं नाही. माझ्याकडं न बघता माझ्या सायकलीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पडवीतली खोली हाय. दाराची कडी गार लागंल सकाळची. तिला कापड गुंडाळून देतो."

त्या घरातल्या प्रत्येक वस्तूला कापड गुंडाळलेलं होतं. कड्यांना, उलथन्याच्या दांड्याला, विळ्याच्या मुठीला, रहाटाच्या दोराला, शेळीच्या गळपट्ट्याला. जुनं लुगडं, फाटकं धोतर, गोधडीचा तुकडा, सायकलची ट्यूब, मेलेल्या छत्रीचं कापड, काही म्हणजे काही ते टाकत नसत. संध्याकाळी ओट्यावर बसून सुई-दाभण घेऊन शिवत राहायचे. कुणब्याच्या पुरुषानं हातात सुई धरावी हे गावाला पटणारं नव्हतं. पण लोक पाठीमागं हसायचे आणि बैलाच्या खांद्याला जखम झाली की याच ओट्यावर यायचे.

एकदा मी दवाखान्यातून आले तर माझ्या सायकलीची सीट गायब. मी आरडाओरडा केला. तासाभरानं ते सीट घेऊन आले. वर जुन्या घोंगडीचा थर आणि त्यावर मऊ कातडं शिवलेलं. "बाई, तुमच्या चालण्यावरनं कळतंय," एवढंच बोलून आत गेले. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी नेऱ्यापर्यंत सायकल मारून आले तेव्हा त्या माणसाला मी मनातल्या मनात दुवा दिला.

बैलांच्या बाबतीत मात्र ते कुणाची भीड ठेवत नसत. रस्त्यात कुणाचीही गाडी थांबवायची, जूखाली हात घालून बैलाचा खांदा चाचपायचा, आणि ओलं लागलं की गाडीवाल्याची सालटं काढायची. "त्याला जीभ हाय पन बोलता येत न्हाई. तुला हात हायेत पन चाचपता येत न्हाई व्हय?" एकदा एका तरण्या पोरानं उलट विचारलं, "मग बांधूच नको का बैल? सोडून देऊ?" त्यावर ते म्हणाले, "बांधनं वाईट न्हाई रं. टोचनं वाईट." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढं कितीदा ऐकलं असेल, पण त्याचा पुरता अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला.

बैलासाठी एवढं बोलणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मुका होता. राग आला, दुःख झालं, लाज वाटली की त्यांची वाचाच बसायची. सख्ख्या भावानं बांध कोरला तेव्हा पंचांसमोर ते नुसते उभे राहिले. ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. शेवटी वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, पदर खोचून पुढं आल्या आणि सगळं बोलल्या. वहिनी बुटक्या, काळ्यासावळ्या, खणखणीत आवाजाच्या. माहेर घोटावड्याचं. मूलबाळ नव्हतं. गावाला त्याचं दुःख त्या दोघांपेक्षा जास्त होतं.

आणखी एक चाळा म्हणजे बाह्या. चैत्राचं ऊन असो की आषाढातली लावणी, घरमालकांच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत आणि गुंडी लावलेली. गुडघाभर चिखलात बाकीचे उघडेबंब आणि हे मामलेदारासारखे. गावानं त्यांचं नाव बाह्यासाहेब ठेवलं होतं. ते नाव ऐकलं की वहिनींचा चेहरा उतरायचा हे मी पाहिलं होतं, पण कारण माहीत नव्हतं.

ते कळलं एका श्रावणात. घरमालक दवाखान्यात आले आणि काही न बोलता डावी बाही सोडून हात पुढं केला. मनगट सुजलेलं, चामडी सोलून पू झालेला. "बैलाचा कासरा गुंडाळला हाताला. हिसका बसला," म्हणाले. मी धुऊन मलम लावलं आणि म्हटलं, दुसरा हात बघू. ते बघू देईनात. मी नर्सबाईच्या आवाजात दटावलं तेव्हा दिला. त्याच्यावरही तशीच खूण, त्याच जागी, थोडी जुनी. दोन्ही हातांना एकाच जागी हिसका देणारा बैल मी तोवर पाहिला नव्हता. पण मी पट्टी बांधली आणि त्यांना घरी पाठवलं.

दुपारी वहिनी माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली.

"बाई, ती जखम माझ्यामुळं झालीया. ह्यांना काय इचारू नका, मला इचारा."

"तुम्ही मारलंत?"

"मारीन कशी? बांधलं." मग त्या खाली बसल्या. "ह्यांना आवडतं बांधून घ्यायला. लग्न झाल्यावर दोन-चार वर्सांनी सांगितलं. सांगताना नुसते घामाघूम. मला आदी भ्याच वाटलं, म्हणलं काय बाहेरचं लागलंय का ह्यांना. धा वेळा इचारलं, असं का वो? तर म्हणले, बांधलं की डोकं गप व्हतं. तेवढंच येतं त्यांना सांगाया."

प्रशिक्षणात आम्हाला हाडं, ताप आणि बाळंतपणं शिकवली होती. वहिनींना माझ्याकडून उत्तर नकोच होतं. त्यांना कुणाजवळ तरी एकदा मोकळं व्हायचं होतं, आणि मी परगावची, आज ना उद्या जाणारी.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं. "तुम्हाला चालतं?"

त्या जरा लाजल्या, मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, बापानं सांगितलं तितं उभी ऱ्हायले, भावानं सांगितलं तितं बसले. ह्या मानसानं पैल्यांदा माझ्या हातात काय तरी दिलं, आनि म्हनला, तू म्हनशील तसं. मला लई बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, स्वयंपाकाची कृती सांगावी तसं. सामान घरचंच. पलटणीतून आलेल्या कुणाच्या तरी जुन्या पट्ट्याची बक्कलं, चपलेचं कातडं, धोतर पिळून केलेला दोर, घाण्याच्या बैलाची असते तशी डोळ्यांवरची झापड, आणि ताक घुसळायच्या रवीची फुटकी दांडी, तिलाही कापड गुंडाळलेलं. सगळं घरमालकांनी स्वतः शिवलेलं. प्रत्येक पट्ट्याला आतून अस्तर, तेही मनगटावर घासून पारखलेलं. या वेळी दोर जुना झाला म्हणून वहिनींनी घाईत नवा काथ्या घेतला आणि तोच टोचला. ते बोलून त्या रडल्या. "ह्यांनी बारा येळा सांगितलंय, टोचतंय ते चुकलं म्हनून. माजंच चुकलं."

"पण दुखलं तेव्हा त्यांनी थांबवलं नाही?"

"तोंडानं बोलत न्हाईत ना ते! म्हनून मी घंटी केलीया. वासराच्या गळ्यातली, बोराएवढी. ती त्यांच्या मुठीत द्यायची. वाजली की थांबायचं, लगीच. काय बी चाललेलं असू दे. त्या दिशी हातातनं पडली, अंधारात घावली न्हाई." जाताना दारात थांबून म्हणाल्या, "गावाला कळलं तर ह्यांना जगू द्यायचे न्हाईत, बाई. मला भवानी म्हनतील, त्याचं काय न्हाई. पन ह्यांचं हसं झालं तर हा मानूस जीव दील."

मी शब्द दिला. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ते घर मला जास्त आवडायला लागलं. गावातल्या किती बायकांच्या पाठीवरचे वळ मी रोज बघत होते. त्यांच्या नवऱ्यांना थांबवायला कुठली घंटी नव्हती, आणि असती तरी कोण थांबणार होतं?

पुढच्या महिन्यातच पोळा आला; तिकडं तो भाद्रपदी अमावास्येला असतो. आदल्या दिवशी वहिनींचा धाकटा भाऊ घोटावड्याहून मदतीला आला. बैलांचे गोंडे, घुंगरमाळा माळ्यावर असायच्या. वहिनी विहिरीवर, घरमालक बैल धुवायला ओढ्यावर. धाकटा एकटाच माळ्यावर चढला आणि त्यानं भलतीच पेटी उघडली.

माझ्यासमोरच तो खाली उतरला. गोंडे तिथंच टाकले आणि पेटी खांद्यावर घेऊन घोटावड्याची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, वहिनींचे दोघे भाऊ बैलगाडी घेऊन दारात आले. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडं कुणी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. मानेवर जू घातलेले बैल गावात शिरताना पाहूनच लोकांना कळलं की काहीतरी आक्रीत झालं आहे. शिंगं रंगवायची सोडून माणसं गाडीमागं आली.

थोरल्या भावानं पेटी अंगणात उपडी केली. पट्टे, दोर, झापड, दांडी, घंटी, सगळं मातीत पडलं.

"दाजी, ह्यानं बांधून मारता व्हय आमच्या भनीला?"

घरमालकांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"बोला की! पंधरा वर्सं झाली, आमी समजतोय भन सुकात हाय."

गर्दीतून शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी म्हणालं, म्हणूनच पोर झालं नाही. मी पुढं व्हायला गेले तर वहिनींनी माझं मनगट असं घट्ट धरलं की मला हलता येईना. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "गप ऱ्हावा. बायकूला मारतो म्हनून चार दिस बोलतील आनि इसरतील. खरं कळलं तर जल्मभर हसतील. मी जाते."

थोरला माझ्याकडं वळला. "नर्सबाई, तुमी हितंच ऱ्हाता. खरं सांगा, मारतो का न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"मग हे काय हाय?"

माझ्या मनगटावरची वहिनींची बोटं रुतली. वहिनी आत गेल्या, एक गाठोडं बांधून आल्या आणि नवऱ्याकडं न बघता गाडीत जाऊन बसल्या. डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या बाईनं नवऱ्याची लाज झाकण्यासाठी नवराच सोडला हे त्या अंगणात फक्त मला आणि त्याला कळत होतं.

आणि त्या माणसानं काय करावं? तो गाडीपाशी गेला आणि सवयीनं बैलाच्या जूखाली हात घालून खांदा चाचपायला लागला. थोरल्यानं त्याला ढकलून दिलं. गाडी हलली.

घरमालक मागं सरले, वाकले आणि मातीतून ती घंटी उचलली. ती इवलीशी घंटी त्या गोंगाटात ऐकू आली असेल की नाही कोण जाणे. पण त्यांनी ती वाजवली. पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, हात वर करून, गर्दीच्या देखत.

"दादा, गाडी थांबीव," वहिनी म्हणाल्या.

"गप बस."

"थांबीव म्हनते ना!" आणि चालत्या गाडीतून त्यांनी उडी घेतली. पडता पडता सावरल्या, गर्दीतून वाट काढत घरमालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घरातल्या आवाजात विचारलं, "काय वो? कुटं दुखतंय?"

धाकटा धावत आला. "आक्के, उतरलीस का?"

"त्यांनी थांब म्हनलं."

"तो तर शबुद बोलला न्हाई!"

तेव्हा घरमालकांनी घंटी वहिनींच्या हातात दिली आणि बाह्यांच्या गुंड्या सोडल्या. आधी डावी, मग उजवी. बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही मनगटं सगळ्यांपुढं धरली. डाव्या मनगटाची जखम अजून तांबडी होती. त्यांचे ओठ हलले, आणि या वेळी आवाज फुटला.

"हिला न्हाई बांधत. मला बांधते ती. मीच सांगतो बांध म्हनून."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू गर्दीभर पसरलं. धाकटा जमिनीवर थुंकला. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस विहीर जवळ करणार.

थोरला भाऊ हसला नाही. तो खाली बसला आणि मातीतला एक पट्टा उचलला. जन्मभर बैल सांभाळलेला माणूस, त्यानं सवयीनं पट्टा उलटा करून आतून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला, मग झापड उचलली. पुन्हा पहिल्याचं अस्तर निरखून बघितलं.

"हे आईचं लुगडं हाय," तो म्हणाला.

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "लग्नात दिल्यालं. लई धुतलं की मऊ व्हतं."

थोरल्यानं पट्ट्याची माती झटकली. मारायच्या दोराला अस्तर कोण लावतं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी उठला, सगळं गोळा करून पेटीत भरलं, झाकण लावलं आणि धाकट्यावर ओरडला, "बघतोस काय? पोळा हाय आज. बैल सोड!" त्या दोन बैलांची शिंगं मग आमच्याच अंगणात रंगवली.

पुढं व्हायचं ते झालं. बाजारात घरमालक दिसले की टवाळ माणसं बैलाच्या घुंगरमाळा हलवायची. पाहुणेरावळे वर्षभर फिरकले नाहीत. पण वहिनींना वाटलं होतं तसं त्यांनी जीव दिला नाही. उलट त्या दिवसापासून बाह्या दुमडून फिरायला लागले. बाह्यासाहेब हे नाव गेलं, दुसरं आलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. गंमत म्हणजे दोन-तीन बायका मला दवाखान्यात हळूच विचारून गेल्या, की वहिनींचा नवरा त्यांचं एवढं ऐकतो कसा? मी म्हटलं, वहिनींनाच विचारा. विचारलं की नाही माहीत नाही.

काही वर्षांनी, मी अजून त्याच खोलीत राहत असताना, भात झोडणीच्या दिवसांत ते खळ्यावर जरा टेकले आणि उठलेच नाहीत. मी नाडी बघितली. मनगट हातात घेतल्यावर मला भडभडून आलं. खुणा पुसट होत्या, चामडी जुन्या कापडासारखी मऊ झाली होती.

सकाळी अंगणात तिरडी बांधली. त्यांना वर ठेवलं आणि माणसं काथ्यानं बांधायला लागली, नेहमी बांधतात तसं, आवळून. तेवढ्यात वहिनी घरातून बाहेर आल्या. हातात ती पेटी.

"थांबा. काथ्या टोचंल त्यांना."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, आता त्याला काय टोचतंय? आनि तिरडी बायकांनी बांधायची नसती."

वहिनींचा थोरला भाऊ डोक्याला उपरणं गुंडाळून तिथंच उभा होता. त्यानं म्हाताऱ्याच्या हातातला काथ्या काढून घेतला. "बांधू द्या तिला," तो म्हणाला. "तिलाच येतं."

वहिनी खाली बसल्या. पेटीतला धोतराचा दोर काढला, मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघितला आणि पायांकडून बांधत आल्या. प्रत्येक वेढ्याखाली लुगड्याचा पट्टा सरकवून, बोट घालून, घट्ट होत नाही ना ते बघून. कुणी हसलं नाही. छातीशी आल्यावर त्यांनी कमरेला खोचलेली ती घंटी काढून त्यांच्या उजव्या मुठीत ठेवली, बोटं मिटली आणि शेवटची गाठ हातात धरून थांबल्या.

लोकांना वाटलं, बाईचा धीर सुटला. थोरल्या भावानं खांद्यावर हात ठेवला, तरी त्या हलल्या नाहीत. त्या मुठीकडं बघत होत्या.

घंटी वाजली नाही. मग त्यांनी गाठ मारली.